लळा लागायला वेळ लागतो



चातुर्मासात रोज स्वाध्यायाला बसलं की एक गोष्ट पुन्हा पुन्हा कानावर येते. राग म्हणजे बंधन, मोह म्हणजे बंधन. ज्याची आसक्ती सुटली तो तरला. हे खरंच आहे, त्यावर माझी श्रद्धाही आहे. पण गेल्या तीन वर्षांत आमच्या घरात मी एका लहान मुलाला लळा लागावा म्हणून सगळ्यांना धडपडताना पाहिलं. ते पाहताना लळा आणि मोह हे दोन शब्द आपण फार पटकन एकाच टोपलीत टाकतो असं वाटायला लागलं. आज त्याबद्दलच लिहिते आहे.

माझ्या धाकट्या दिरांनी आणि जावेने साडेतीन वर्षांचा मुलगा दत्तक घेतला. त्याचं नाव इथे लिहीत नाही, सोनू म्हणते. त्याच्या आधीच्या आयुष्याबद्दलही काही सांगणार नाही. ती गोष्ट त्याची आहे. मोठा झाल्यावर कुणाला सांगायची, किती सांगायची, ते त्याने ठरवायचं. जावेला विचारून, तुमच्या उपयोगाचं आहे तेवढंच लिहिते.

सोनू आला तेव्हा बस्तीत सगळ्यांना फार आवडला. कुणीही हात पुढे केला की जायचा, अनोळखी बाईच्या मांडीवर जाऊन बसायचा. "किती लाघवी पोरगं! अजिबात रडत नाही, कुणाकडेही राहतं. नशीबवान आहेस बाई," असं सगळ्या जावेला म्हणायच्या. ती हसायची आणि घरी आल्यावर स्वयंपाकघरात तोंड फिरवून डोळे पुसायची. एकदा मला म्हणाली, "अक्का, तो मला आई म्हणतो, पण भाजीवालीलाही आईच म्हणतो. पडला, लागलं, तर माझ्याकडे येत नाही. भिंतीकडे तोंड करून बसतो."

या एका वाक्यात सगळं आलं. जो सगळ्यांकडे जातो, त्याचं हक्काचं माणूस अजून ठरलेलं नसतं.

आपण बायका हे अनुभवाने जाणतो. सहा-सात महिन्यांचं बाळ माणसं ओळखू लागतं. त्याआधी कुणाच्याही कडेवर खेळणारं बाळ आता परक्या माणसाला पाहून ओठ काढतं आणि आईच्या पदरात तोंड खुपसतं. आपण म्हणतो, "आता त्याला कळायला लागलं." खरंच कळायला लागलेलं असतं. भूक लागली, दुखलं, भीती वाटली की हेच माणूस येतं, हे शेकडो वेळा अनुभवून त्याच्या मनात पक्कं झालेलं असतं. रडावं आणि कुणीतरी यावं, यातूनच लळा लागतो.

जॉन बोल्बी नावाच्या ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञांनी १९५१ साली जागतिक आरोग्य संघटनेसाठी या विषयावर एक अहवाल लिहिला. दुसऱ्या महायुद्धानंतर घर हरवलेल्या मुलांचा प्रश्न तेव्हा मोठा होता. लहान मुलाला अन्न-वस्त्राइतकीच एका कायमच्या, मायेच्या माणसाची गरज असते, असं त्यांनी मांडलं. मेरी एन्सवर्थ यांनी १९५० च्या दशकात युगांडात घरोघरी जाऊन आया आणि बाळं कशी वागतात ते पाहिलं, पुढे अमेरिकेत तेच काम वाढवलं. आई जवळ आहे याची खात्री असलेलं मूल जास्त धीटपणे लांब खेळायला जातं, हे त्यांनी दाखवून दिलं. ज्याला परत यायला जागा आहे, तेच मूल दूर जाऊ शकतं.

ज्या मुलाच्या रडण्याला पहिल्या वर्षांत कुणी आलंच नाही, किंवा रोज वेगळंच माणूस आलं, ते मूल काय शिकतं? काही मुलं मागणंच सोडून देतात. रडत नाहीत, बिलगत नाहीत, जवळ घेतलं तर अंग ताठ करतात. काही मुलं समोर येईल त्याला धरतात. २०१३ साली अमेरिकन मानसोपचार संघटनेने आपल्या नियमावलीत या दोन प्रकारांना दोन वेगळे विकार म्हणून नोंदवलं. दोन्ही विरळा आहेत, आणि लहानपणी काळजीची फार मोठी आबाळ झाली असेल तरच त्यांचा विचार करतात. त्यामुळे आपलं मूल थोडं बुजरं आहे म्हणून कुणी घाबरून जाऊ नका. नोकरी करणाऱ्या आईनेही मनाला लावून घेऊ नये. मुलाला आई, आजी, बाबा अशा दोन-चार माणसांचा लळा लागू शकतो. माणसं ठरलेली हवीत आणि हाकेला येणारी हवीत, इतकंच.

सोनूला शहरातल्या मुलांच्या मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी लगेच कुठलंही नाव दिलं नाही. आधी कान तपासले, डोळे तपासले, वजन-उंची, रक्त, बोलणं सगळं पाहिलं. कमी ऐकू येणारं मूलही हाकेला ओ देत नाही आणि स्वमग्नतेची लक्षणंही वरवर अशीच वाटू शकतात, म्हणून हे आधी करायचं असतं. मग त्या म्हणाल्या, "यावर गोळी नाही. यावर औषध म्हणजे तुम्ही." आणि जावेला दर पंधरा दिवसांनी यायला सांगितलं. सोनूपेक्षा जास्त वेळ त्या तिच्याशीच बोलायच्या.

आता घरातल्या आणि समाजातल्या बोलण्याविषयी. आमच्याकडे एक दूरच्या नात्यातल्या आजी आल्या होत्या. म्हणाल्या, "रक्ताचा नाही ना, म्हणून लळा लागत नाही." दुसऱ्या एक म्हणाल्या, "त्याचं पूर्वकर्म, आपण काय करणार?"

रक्ताचं म्हणाल तर ऐका. १९५२ साली इंग्लंडमध्ये जेम्स रॉबर्टसन यांनी एका दोन वर्षांच्या मुलीवर माहितीपट बनवला. मुलगी चांगल्या घरातली, सख्ख्या आईबापांची लाडकी. एका छोट्या शस्त्रक्रियेसाठी आठ दिवस रुग्णालयात होती, आणि तेव्हाच्या नियमाप्रमाणे आईला सोबत राहता येत नव्हतं. तेवढ्या दिवसांत त्या पोरीचा चेहरा कसा मिटत जातो, आईशीही ती कशी परक्यासारखी वागू लागते, ते त्यात दिसतं. पुढे इंग्लंडमध्ये मुलांच्या वॉर्डांतले भेटीचे नियम हळूहळू बदलले, त्यात या चित्रपटाचा वाटा होता. रक्त तर तिथेही होतं, जवळ माणूस नव्हतं.

उलट बाजूही पाहा. रुमानियात सरकारी अनाथालयांत हजारो मुलं वाढत होती. तिथे बुखारेस्टमध्ये २००० सालापासून संशोधकांनी १३६ मुलांचा अभ्यास केला. त्यांतली निम्मी मुलं त्यांनी सांभाळ करणाऱ्या कुटुंबांत ठेवली. ही कुटुंबं मुलांच्या रक्ताची नव्हती. तरी घरात गेलेल्या मुलांमध्ये लळा लागू लागला. दोन वर्षांच्या आत गेलेल्यांमध्ये जास्त चांगला, पण उशिरा गेलेल्यांनाही फायदा झाला. आमच्या कामाची एक गोष्ट त्यात निघाली. मिटून गेलेली मुलं घर मिळाल्यावर तुलनेने लवकर उमलतात. कुणाकडेही जाण्याची सवय मात्र चिवट असते, सुटायला फार वेळ घेते. जावेला हे कळल्यावर निम्मं ओझं उतरलं. आपलं काही चुकतंय म्हणून तो भाजीवालीकडे जातो असं नाही, हे तिला समजलं.

राहिलं कर्माचं. कर्मसिद्धान्त आपण मानतो, पण निमित्त हाही शब्द आपल्याकडेच आहे. मुलाच्या वाट्याला काय उदयाला आलं ते आपल्या हातात नाही. त्याच्यासाठी कसलं निमित्त व्हायचं, ते आपल्याच हातात आहे. तत्त्वार्थसूत्राच्या पाचव्या अध्यायात जीवांनी एकमेकांच्या उपयोगी पडावं असा आशय आहे. तो आपल्या प्रतीकचिन्हाखाली छापतो, लग्नपत्रिकेवर छापतो. समोर साडेतीन वर्षांचा जीव उभा असताना "त्याचं कर्म" म्हणून हात झटकायचे असतील, तर तो छापायचा कशाला?

सगळ्यात अवघड प्रसंग आला तो जेवणाचा. आमच्याकडे सूर्यास्तानंतर चूल नाही. सासूबाईंचं रात्रीभोजनत्यागाचं व्रत चाळीस वर्षांचं आहे. सोनू संध्याकाळी सगळ्यांबरोबर पोटभर जेवायचा, पण ताटातला भाकरीचा तुकडा हळूच खिशात टाकायचा. उशीखाली पोळी, कपाटात लाडू, खेळण्याच्या ट्रकमध्ये भात. मग मुंग्या यायच्या. आमच्या घरात केरसुणीसुद्धा जपून फिरवतात, आणि रोज सकाळी अंथरुणात मुंग्यांची रांग! त्यातून रात्री दोन वाजता उठून हा स्वयंपाकघराच्या दारात उभा. रडायचा नाही, मागायचाही नाही. नुसता उभा.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ही चोरी नाही आणि भूकही नाही. उद्या अन्न मिळेल यावर त्याचा विश्वास नाही." जावेची फार ओढाताण झाली. एकीकडे घराचं व्रत, एकीकडे दारात उभं पोर. सासूबाईंना विचारायची तिला भीती वाटत होती. शेवटी विचारलं. त्या थोडा वेळ जपमाळ धरून गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "व्रत माझं आहे, त्याचं नाही. आठ वर्षांच्या आतल्या पोराला कसलं व्रत? या घरात अन्न संपत नाही हे त्याला आधी कळू दे. सोडायचं काय ते मग तो बघेल."

त्या दिवसापासून त्याच्या उशाशी घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा आला. रोज संध्याकाळी जाऊ आणि सोनू मिळून तो भरायचे. फुटाणे, खारीक, राजगिऱ्याचा लाडू. "हा तुझा डबा. रात्री कधीही उघड. विचारायला नको." पहिले काही दिवस तो रात्री तीन-चार वेळा उठून खायचा. मग नुसतं झाकण उघडून बघायचा आणि झोपायचा. चारेक महिन्यांनी सकाळी डबा भरलेलाच सापडू लागला. मुंग्याही गेल्या. आजही डबा उशाशी असतो, आम्ही काढलेला नाही. त्याने स्वतः नको म्हणेपर्यंत काढायचा नाही असं ठरलं आहे.

आपल्या घरांची एक मोठी ताकद मला या काळात दिसली. अशा मुलाला सगळ्यात जास्त काय लागतं, तर आज जे झालं तेच उद्या होणार याची खात्री. ती आपल्या घरात आयतीच आहे. सकाळी पाणी गाळायचं, बस्तीत जायचं, दिवस मावळायच्या आत जेवायचं, झोपताना णमोकार मंत्र. जावेने सोनूला पाणी गाळताना रोज बरोबर घेतलं. कापडाचं एक टोक त्याच्या हातात, एक तिच्या. एवढ्याशा कामात रोज दहा मिनिटं तो तिच्यासमोर असायचा, आणि कुणी त्याला बळेच जवळ ओढत नव्हतं. बळजबरी नको हे डॉक्टरीणबाईंनी बजावून सांगितलं होतं. लळा लावण्यासाठी मुलाला घट्ट आवळून धरायचं, डोळ्यांत बघायलाच लावायचं, असले उपचार काही ठिकाणी झाले आहेत. अमेरिकेत २००० साली अशाच एका उपचारात चादरीत गुंडाळून दाबून धरलेली दहा वर्षांची मुलगी दगावली. असलं काही कुणी सुचवलं तर तिथून उठा.

दुसरी गोष्ट, डोळा चुकवून जाणं बंद. मूल रडेल म्हणून आपण मागच्या दाराने सटकतो. जाऊ मात्र बाजारात जायचं असलं तरी त्याच्यासमोर बसून सांगायची, "मी जाते आहे. तुझं दूध पिऊन होईल तेव्हा येते." आणि त्या वेळेला यायचीच. एकदा तिचे वडील आजारी पडले म्हणून तिला तीन दिवस माहेरी जावं लागलं. परत आली तर सोनूने तिच्याकडे पाहिलंच नाही. दुसऱ्या दिवशी तिच्या साडीवर मुद्दाम ताक सांडलं. ती थकलेली होती, जोरात ओरडली. मग थोड्या वेळाने त्याच्याजवळ जाऊन बसली. "मी रागावले. राग आला तरी मी तुझीच आई आहे. क्षमा कर." आपण क्षमावाणीला वर्षातून एकदा सगळ्या गावाची क्षमा मागतो. या मुलांना ती रोज लागते. भांडण झालं तरी नातं तुटत नाही, हे त्यांना कुठेच पाहायला मिळालेलं नसतं.

आणि मग गेल्या वर्षी चातुर्मासात प्रवचनाला गर्दी होती. जाऊ पाणी प्यायला उठली आणि सोनूला ती दिसेनाशी झाली. तो मोठ्याने रडायला लागला. शेजारच्या बाईंनी घ्यायला हात पुढे केले, तर त्यांना ढकलून "माझी आई, माझी आई" करत गर्दीतून शोधत निघाला. ती दिसल्यावर जो बिलगला तो प्रवचन संपेपर्यंत सुटला नाही. मागून कुणीतरी म्हणालं, "फार लाडावून ठेवलाय." एका वडीलधाऱ्या बाईंनी नंतर बाजूला घेऊन समजावलं, "इतका मोह बरा नाही गं."

मला त्या दिवशी बोलता आलं असतं तर म्हणाले असते, पेढे वाटा! दीड वर्षापूर्वी हेच पोर कुणाकडेही राहत होतं, तेव्हा तुम्हाला ते गुणी वाटत होतं. ते वैराग्य नव्हतं. त्याच्याकडे सोडायला काही नव्हतंच. ज्याच्या हातात कधी काही आलं नाही, त्याने त्याग केला असं आपण म्हणत नाही. आधी मिळायला हवं, मग सोडणं.

आपल्या श्वेतांबर भगिनी पर्युषणात दरवर्षी कल्पसूत्र ऐकतात. त्यात महावीरांच्या गर्भावस्थेची कथा आहे. आईला त्रास नको म्हणून गर्भातला जीव हालचाल थांबवतो. त्रिशलामाता घाबरते, शोकाकुल होते. ते जाणून तो पुन्हा हलतो आणि आईवडील हयात असेपर्यंत दीक्षा घेणार नाही असा संकल्प करतो. आपल्या दिगंबर परंपरेत ही कथा नाही, पण मला ती फार जवळची वाटते. पुढे ज्यांनी सगळं सोडलं, त्यांच्या कथेतही आधी आईच्या काळजीला उत्तर दिलं आहे. वीतरागतेचा रस्ता आईला ओलांडून जात नाही.

आता तुमच्याकडे मागणं. अशी मुलं आपल्या समाजात येत आहेत, येत राहोत. दत्तक म्हणून, आई लवकर गेल्याने काका-मामाकडे आलेली म्हणून. त्यांच्यासाठी आपण बाकीच्या बायका काय करू शकतो?

बस्तीत ते मूल मांडीवर येऊन बसलं तर दूर लोटू नका, पण "चल, आईला विचारू" म्हणून त्याला आईकडे न्या. खाऊ द्यायचा तर आईच्या हाताने द्या. लागलं तर आईला हाक मारा, आपण पुढे होऊ नका. पहिलं वर्षभर तरी त्याचं खाणं, न्हाणं, निजवणं एक-दोन माणसांकडेच राहू द्या. एकत्र कुटुंबात आपण आईचे बाकीचे काम उचलावं. आमच्याकडे दोन्ही वेळचा स्वयंपाक मी घेतला, ती मोकळी झाली.

"आमच्या घरी येतोस का? घेऊन जाऊ तुला?" ही थट्टा करू नका. "ऐकलं नाहीस तर महाराजांबरोबर पाठवून देईन" हे तर नकोच. आपल्यासाठी गंमत असते. ज्याला एकदा सोडलेलं आहे, त्याला ते खरं वाटतं.

मुलाला ताटकळत कोपऱ्यात किंवा बंद खोलीत एकटं बसवायची शिक्षा देऊ नका. चुकलं तर जवळ बसवून शांत करा, मग सांगा.

आणि त्या आईला विचारा, "तू कशी आहेस?" दत्तक घेतल्यावर दोन वर्षं दर सहा महिन्यांनी सामाजिक कार्यकर्त्या घरी येऊन अहवाल करतात. मूल काढून घेतील या भीतीने अनेक जणी "सगळं छान आहे" म्हणतात. तिला सांगा, अडचण मोकळेपणी बोल, त्या मदतीसाठीच येतात. जवळपास डॉक्टर नसतील तर टेलिमानस ही सरकारी फोनसेवा आहे, १४४१६ वर, दिवसरात्र, मोफत. मराठीतही बोलता येतं.

सोनू आता साडेसहा वर्षांचा आहे. अजूनही नवीन पाहुण्याच्या गळ्यात पडतो. शाळेतून एखाद्या दिवशी बिथरून येतो. सगळं सुरळीत झालं असं म्हणता येणार नाही, जाऊही म्हणत नाही. पण पडला की आता भिंतीकडे जात नाही. आधी इकडे तिकडे बघतो, आई कुठे आहे ते शोधतो, आणि ती दिसल्यावर मगच रडतो.

अशा रडण्याला नावं ठेवू नका, एवढंच सांगायचं होतं.

जय जिनेंद्र.